हप्ता भरला, पण कुठनं?

सकाळचे साडेनऊ. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाला एका घराच्या सोप्यात सोळा बायका मांडी घालून बसलेल्या. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर ‘सर’. सर म्हणजे फायनान्सचा, म्हणजे बायकांना छोटी विनातारण कर्जं देणाऱ्या कंपनीचा, हप्ते गोळा करणारा माणूस, गारगोटीकडचा तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. मांडीवर टॅब, पायाशी बॅग, बाहेर मोटरसायकल. सोळा जणींचे हप्ते मोजून झालेत, सतरावी आलेलीच नाही. फोन लावला तर उचलला, ‘दहा मिनटात येतो’ म्हणाली. (आमच्याकडं बायकासुद्धा ‘येतो’, ‘करतो’च म्हणतात.) दहाची पंचवीस मिनिटं झाली. एकीला धुण्याभांड्याच्या कामाला उशीर होतोय, दुसरीचं दूध गॅसवर आहे, पण उठायचं नाही, कारण एकीचा हप्ता राहिला की मीटिंग संपत नाही अशी रीत पडलीय. शेवटी एकीनं कनवटीचे पाचशे काढले. दुसरीनं घरी जाऊन भिशीच्या डब्यातले सातशे आणले. आणखी दोघींनी पाचशे आणि चारशे घातले. राहिले पंधरा रुपये. ते सरांनी स्वतःच्या खिशातनं टाकले. २,११५ झाले. टॅबवर बोट टेकलं. वसुली शंभर टक्के.

मी तिथं होतो, कारण त्याच सोप्यात आमच्या गल्लीतला बचत गट बसतो आणि त्याची वही मी लिहितो. फायनान्सच्या मीटिंगशी माझा संबंध नाही, पण वही लिहिता लिहिता दोन्हीकडचं दिसत राहतं.

टॅबला एवढंच कळतं की पैसे आले. ते नवऱ्याच्या पगारातनं आले, शेजारणीच्या डब्यातनं आले, सावकाराकडनं आले की दुसऱ्या फायनान्सकडनं आले, हे विचारायला त्यात रकाना नाही. गरीब माणूस कर्ज बुडवत नाही, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव बायका वेळेवर फेडतात, हे वाक्य या धंद्यात वर्षानुवर्षं अभिमानानं सांगितलं गेलं. वाक्य खोटं नाही. पण हप्ता फिटला म्हणजे कर्ज झेपलं, असा अर्थ त्यातनं काढायचा नसतो. एवढी एक गोष्ट समजली की सूक्ष्म कर्जाचा निम्मा गोंधळ सुटतो. उरलेला गोंधळ गणिताचा आहे, तोही अवघड नाही.

‘गट’ म्हटलं तरी गट एक नव्हे

आमच्याकडं बाई म्हणते, ‘गटाचा हप्ता भरायचाय.’ तेव्हा आधी विचारावं लागतं, कुठला गट?

बचत गटात दहा ते वीस बायका असतात. त्या आधी स्वतःचे पैसे साठवतात, महिन्याला शंभर-दोनशे, आणि त्यातनंच एकमेकींना कर्ज देतात. व्याज महिन्याला एक किंवा दोन टक्के ठेवतात, आणि ते गटातच राहतं. गट नीट चालला तर बँक कर्ज देते. नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, १९९२ मध्ये देशभरात ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग केला, तिथनं हे वाढलं. महाराष्ट्रात माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि २०११ पासून राज्याचं उमेद अभियान हे काम बघतात. उमेदच्या गटानं वेळेवर फेड ठेवली तर ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज ७ टक्के दरानं पडतं. गरिबाला यापेक्षा स्वस्त पैसा मिळणं मुश्कील.

फायनान्सचा गट वेगळा. तिथं बचत नाही, वहीही नाही. कंपनी पाच-सात बायकांना एकत्र आणते, असे तीन-चार गट मिळून एक ‘सेंटर’ होतं, आणि प्रत्येकीला तिच्या नावानं कर्ज मिळतं. तारण काही नाही. गट हेच तारण. ही कल्पना बांगलादेशातली. मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये चितगावजवळच्या जोब्रा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले. १९८३ मध्ये त्याची ग्रामीण बँक झाली, २००६ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. पुढं त्याच बँकेनं आपली रचना बदलली आणि एकीच्या थकबाकीला दुसरी जबाबदार नाही असं ठरवलं. हा दुसरा भाग आमच्या सोप्यापर्यंत पोचलेला नाही.

तिसरी भिशी. ती कर्ज नव्हेच, पण कोल्हापुरात तिच्याशिवाय पान हलत नाही. आणि सगळ्यांच्या मागं सावकार उभा असतोच, शेकडा पाच, शेकडा दहा म्हणत. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला साठ टक्के. बाजारात ‘रोजचं’ कर्ज देणारेही असतात. दहा हजाराच्या कर्जाचे हातात नऊ देतात आणि रोज शंभरप्रमाणं शंभर दिवस घेतात. भाजीवाली म्हणते, ‘हजारच रुपये जास्त जातात की.’ पण पैसे पहिल्याच दिवसापासून परत जायला लागतात, त्यामुळं पूर्ण नऊ हजार तिच्याकडं शंभर दिवस कधीच नसतात. नीट हिशेब केला तर हा दर वर्षाला ७५ टक्क्यांच्या वर जातो.

व्याज कसं लपतं

चाळीस हजाराचं कर्ज, दोन वर्षं, वर्षाला २४ टक्के व्याज. हे व्याज शिल्लक रकमेवर धरलं, म्हणजे जसजसं मुद्दल कमी होतं तसतसं व्याज कमी होतं, तर महिन्याचा हप्ता २,११५ रुपये येतो. दोन वर्षांत एकूण ५०,७५० च्या आसपास भरायचे. तेच २४ टक्के ‘फ्लॅट’ धरले, म्हणजे शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण चाळीस हजारावर, तर हप्ता २,४६७ आणि एकूण ५९,२०० होतात. आकडा तोच, पण खिशातनं साडेआठ हजार जास्त गेले. उलटंही होतं. कुणी ‘फक्त साडेतेरा टक्के फ्लॅट’ म्हणाला तर तो आपल्याला चोवीसच सांगतोय.

पहिल्या हप्त्याच्या २,११५ मधले ८०० व्याजाचे आणि १,३१५ मुद्दलाचे असतात. शेवटच्या हप्त्यात व्याज चाळीस-बेचाळीस रुपये. म्हणून बारा हप्ते भरून झालेली बाई ‘निम्मं फिटलं’ म्हणते, तेव्हा खरं तर २२,३६५ रुपये अजून बाकी असतात. यात कुणी फसवलेलं नसतं, गणितच तसं आहे. पण हे आधी कुणी सांगितलेलं नसतं आणि वर्षानं कळतं तेव्हा फसल्यासारखं वाटतं.

मग येतात कापण्या. धरा, एक टक्का प्रोसेसिंग फी ४०० रुपये, त्यावर जीएसटी ७२, विम्याचे १,२००. हातात पडले ३८,३२८, व्याज मात्र चाळीसवर. असा हिशेब केला की खरा दर वर्षाला २८ टक्क्यांच्या पुढं जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कंपनीनं एका साध्या कागदावर हे सगळं मांडून द्यायचं असतं, सगळा खर्च धरून पडणारा वार्षिक दरही त्यात लिहायचा असतो. कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं. हा कागद मिळतो. मिळतो आणि रेशनकार्डाच्या पिशवीत जातो. विम्यासारखी कुठलीही जादा वस्तू कर्जासोबत जबरदस्तीनं गळ्यात मारता येत नाही, तुमची खुशी असेल तरच. हे सोप्यात कुणाला माहीत नव्हतं, मलाही दोन वर्षांपूर्वी नव्हतं.

एवढा दर का, हा प्रश्न रास्त आहे. या कंपन्यांना ठेवी घेता येत नाहीत, त्या बँकांकडनं व्याजानं पैसे आणतात. वर चाळीस हजाराच्या कर्जालाही माणूस मोटरसायकलवर घरोघर फिरवावा लागतो, आणि तो खर्च चाळीस लाखाच्या कर्जापेक्षा फार कमी नसतो. बुडीत धरावं लागतं, नफाही हवाच. पूर्वी रिझर्व्ह बँकेची या दरावर मर्यादा होती, ती १ एप्रिल २०२२ पासून गेली. आता कंपनीच्या संचालक मंडळानं दर ठरवायचा, फक्त तो अवाच्या सवा नसावा. अवाच्या सवा म्हणजे नेमकं किती, हे कुणी लिहिलेलं नाही. मला हे पटत नाही.

म्हस भाकड जाती, हप्ता जात न्हाई

आता या लेखातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. ‘हप्ता’ या शब्दाचा मूळ अर्थच आठवडा. म्हणजे या कर्जाच्या पोटातच एक घड्याळ आहे, ते ठरल्या वेळी वाजतं. कोल्हापुरातल्या गरीब घराची कमाई मात्र एका घड्याळावर चालत नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागावर पगार आठवड्याला होतो. शिरोलीच्या फौंड्रीत महिन्याला. शाहू मार्केट यार्डातल्या हमालाला गुळाच्या हंगामात रोज काम, एरवी मिळेल तसं. ‘गोकुळ’ला दूध घालणाऱ्या घराला दहा दिवसांचं बिल, एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर, शिवाय दिवाळीच्या तोंडावर फरक बिल. उसाचं बिल कायद्यानं तोडणीनंतर चौदा दिवसांत यायला हवं, येतं तेव्हा येतं. चार जण चार ठिकाणी कमावतात अशा घरात चार घड्याळं असतात, आणि बाईच्या डोक्यात ती सगळी टिकटिक चालू असते.

चिखलीकडच्या एका घराचा हिशेब सांगतो. आकडे मी गणितासाठी सरळ केलेत. नवरा फौंड्रीत कंत्राटी, बाईनं म्हस घ्यायची ठरवली. म्हशीची किंमत ८०,००० रुपये. एक कंपनी ४० हजाराच्या वर देईना. मग दुसरीकडनं ३० हजार घेतले, घरचे दहा घातले. लक्षात घ्या, दोन कंपन्यांचं कर्ज इथं हावेपोटी झालेलं नाही. एका कर्जात म्हशीचं शेपूटसुद्धा येत नव्हतं. दोन हप्ते मिळून महिन्याला ३,७०० रुपये.

म्हस दिवसाला सहा लिटर देते, लिटरला ५० रुपये धरले तर महिन्याचे ९,०००. पेंड, सरकी, वैरण, डॉक्टर मिळून साडेपाच हजार, त्यातली पेंड तर दूध संस्था बिलातनंच कापून घेते. उरले साडेतीन हजार. म्हणजे म्हस पूर्ण दुधात असतानाच दोनशे रुपये कमी पडतात. तरी बाई खुश असते, कारण दोनशे कुठनंही निघतात, घरात दूध आलं, शेण आलं, पुढं रेडी झाली तर तेही. पण म्हस वर्षभर दूध देत नाही. आठ-दहा महिन्यांनी आटते, मग व्यायला येईपर्यंत तीन-चार महिने भाकड. त्या महिन्यांत दूध शून्य, वैरण मात्र खायला लागतेच, आणि हप्ता ३,७०० तसाच. त्या बाईचंच वाक्य: ‘म्हस भाकड जाती ओ भाऊ, हप्ता जात न्हाई.’

ते तीन-चार महिने हप्ता कुठनं येतो? पहिला महिना नवऱ्याच्या पगारातनं. दुसरा भिशी उचलून. तिसऱ्या महिन्याला तिसरी कंपनी, ‘लोन पास झालंय वहिनी, सही करा’ म्हणत. याची टोपी त्याच्या डोक्यावर. टॅबवर तिन्ही महिने शंभर टक्के.

कोलकात्यात अर्थशास्त्रज्ञांनी अशाच छोट्या कर्जदारांवर प्रयोग केले. एका प्रयोगात काहींना आठवड्याऐवजी महिन्याला हप्ता दिला. फेडीत फरक पडला नाही, पण बायकांच्या डोक्याचा ताप बराच कमी झाला. दुसऱ्यात काहींना पहिला हप्ता भरायला दोन महिन्यांची सवड दिली. त्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि कमाई वाढली, मात्र बुडवण्याचं प्रमाणही वाढलं. म्हणजे सवड दिली की सगळं गोड होतं असंही नाही. पण लगेच दुसऱ्या आठवड्यापासून हप्ता सुरू झाला तर बाई धंद्यात पैसा घालणारच नाही, थोडा बाजूला काढून ठेवेल, पहिले चार हप्ते भरायला. आमच्याकडं हे सर्रास होतं. चाळीसातले पाच-सहा हजार डब्यात, कर्जाचेच पैसे, कर्जाच्याच हप्त्याला, आणि त्यावर व्याज चालू.

धंदा तरी सगळ्या कुठं करतात? अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो, ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी सहकाऱ्यांसोबत, अशी कर्जं मिळायला लागल्यावर काय होतं, हे हैदराबादच्या वस्त्यांमध्ये तपासलं होतं. काही धंदे वाढले, काही नवे निघाले, पण घराचा एकूण खर्च किंवा राहणीमान सरासरीनं काही फार सुधारलं नाही. आमच्या गल्लीत विचारलं तर कर्ज लग्नाला, दवाखान्याला, पोराच्या डिप्लोमाच्या फीला, पत्र्याच्या जागी स्लॅब टाकायला गेलेलं असतं. फॉर्मवर सगळ्यांचं ‘शिवणकाम’. एकदा मी हसून म्हणालो, आपल्या गल्लीत एवढी शिलाई मशीन कुठायत ओ? कुणी हसलं नाही.

गटाच्या आत काय चालतं

पुस्तकात गटाचं कौतुक असतं. बायका एकमेकींना ओळखतात, म्हणून बुडवणारीला गटात घेतच नाहीत, एकमेकींवर लक्ष ठेवतात, अडल्यास मदत करतात. हे सगळं खरंय. त्या सकाळी चार जणींनी २,१०० रुपये काढले, ती मदतच होती. पण ती ज्या घडीला आली ती घडी बघा. कामाला उशीर होतोय, सर उठत नाहीत, आणि सगळ्यांना माहितीय की आपलं पुढचं कर्ज हिच्या हप्त्यावर अडकलंय. माया, भीती आणि वैताग यांची मिसळ असते ती. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर त्या चौघी तिच्याशी बोलल्या नाहीत. कंपनीला जो माणूस वसुलीला ठेवावा लागला असता, त्याचं काम गल्ली फुकटात करते.

त्यातनं एक फार वाईट प्रकार निघतो: ‘तुझ्या नावावर काढ, हप्ता मी भरतो.’ नणंद म्हणते, सेंटरची लीडर म्हणते, कधी शेजारीण. चार हप्ते येतात, मग फोन बंद. कागदावर नाव जिचं, कर्ज तिचं. गटात कितीही साक्षीदार असले तरी कंपनी तिच्याच दारात येणार, आणि तिचंच सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बिघडणार.

साखळी कशी दिसते, कशी दिसत नाही

२०१० मध्ये आंध्र प्रदेशात हे टोकाला गेलं. एकाच बाईला चार-पाच कंपन्यांनी कर्जं दिली, वसुलीचा जाच झाला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. त्या ऑक्टोबरात सरकारनं अध्यादेश काढला आणि तिथली वसुली बसली. मग रिझर्व्ह बँकेची मालेगम समिती नेमली गेली, तिचा अहवाल जानेवारी २०११ ला आला, आणि वर्षअखेरीला रिझर्व्ह बँकेनं या कंपन्यांचा वेगळा वर्ग केला.

आजचा नियम २०२२ मध्ये आला. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं म्हणजे एक घर. घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर त्या घराला दिलेलं विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज. आणि घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते, म्हणजे टीव्हीचा, गाडीचा धरून, महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. तीन लाखाचं घर म्हणजे महिन्याला २५,०००, म्हणजे हप्ते जास्तीत जास्त १२,५००. त्यापुढं नवं कर्ज द्यायचं नाही. चांगला नियम आहे, पण उत्पन्नाचा आकडा लिहितो कोण? सर विचारतात, ‘पंचवीस हजार लिहू का?’ बाई म्हणते, ‘लिवा की.’ कर्ज बसण्यापुरतं उत्पन्न कागदावर येतं. भाकड महिने त्यात कधीच नसतात.

कर्जांची नोंद चार कंपन्या ठेवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, क्रिफ हाय मार्क, एक्विफॅक्स आणि एक्स्पेरियन. पूर्वी ही माहिती महिन्याला एकदा जायची, त्यामुळं एकाच महिन्यात दोन-तीन ठिकाणी कर्ज घेतलं तर कुणालाच दुसऱ्याचं दिसायचं नाही. जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरा दिवसांनी द्यायचा नियम झाला. या धंद्यातल्या कंपन्यांची संघटना आहे, एमफिन. तिनं आपल्या सदस्यांना २०२५ पासून सांगितलंय की एका बाईला तीनपेक्षा जास्त कंपन्यांनी देऊ नये आणि तिच्याकडं सगळ्यांची मिळून बाकी २ लाखांच्या वर जाऊ नये. याचा एक परिणाम लगेच दिसला: चौथ्या कर्जावर तिसऱ्याचे हप्ते भरणाऱ्यांची साखळी एकाएकी तुटली. कर्ज वाढू नये म्हणून लावलेल्या नियमानं थकबाकी उघडी पडली. ती आधीही होतीच, नव्या कर्जाखाली झाकलेली.

सावकार, भिशी, हातउसने आणि बचत गटातली आतली कर्जं कुठल्याच नोंदीत दिसत नाहीत. नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडनं वर्षात एकेक अहवाल फुकट मिळतो. नवं कर्ज घ्यायच्या आधी तो बाईनं स्वतः काढून बघावा. आपल्या नावावर आपण न घेतलेलं कर्ज निघालेलंही मी बघितलंय.

पाणी आलं की

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. दोन्ही वर्षी ते त्याच्या कितीतरी वर गेलं. शिरोळ आणि करवीरमधली घरंच्या घरं शाळेत, मंगल कार्यालयात जाऊन राहिली. कंपन्यांनी काही दिवस सबुरी धरली, पण हप्ता पुढं ढकलला म्हणजे माफ झाला नव्हे. त्या काळाचं व्याज चढत राहतं. २०२० मध्ये कोरोनात रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिन्यांची मुभा दिली तेव्हाही पुष्कळांची हीच समजूत झाली आणि नंतर शिल्लक बघून डोळे पांढरे झाले.

अशा वेळी गल्लीत दरवेळी एक कुजबुज सुरू होते: ‘माफ होणार हाय, भरू नका.’ २०१७ ची आणि २०१९ ची कर्जमाफी शेतकऱ्यांच्या शेतीकर्जासाठी होती, बँका आणि सोसायट्यांच्या. फायनान्सच्या कर्जाला ती लागू नव्हती. माफीचा फॉर्म म्हणून कुणी शंभर-दोनशे रुपये मागत असेल तर तेवढे आधी वाचवा.

आणि खरंच थकलं तर? दंड फक्त थकलेल्या रकमेवर लागतो, पूर्ण कर्जावर नाही. मुदतीआधी फेडलं तर जादा काही घेता येत नाही. वसुली ठरलेल्या जागी. लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा तुम्ही तिथं गेला नाहीत तरच ते घरी किंवा कामाच्या जागी येऊ शकतात. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन किंवा फेरी नाही. शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास, चारचौघांत नाव जाहीर करणं, धमकी, सगळं मना आहे. तारणच नाही तर टीव्ही, सिलिंडर उचलून न्यायचा प्रश्नच नाही. नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस धरून नेत नाहीत, हा दिवाणी मामला. चेक दिला असेल, बँकेतनं हप्ता कापायची परवानगी दिली असेल किंवा कागद खोटे असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा वकिलाला विचारावं. पैसे कधीच सरांच्या स्वतःच्या फोनवर पाठवू नयेत, आणि कार्डावर नोंद झाल्याशिवाय खुर्चीसमोरनं उठू नये. तक्रार आधी कंपनीकडं लेखी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, त्यासाठी १४४४८ हा फुकट नंबर आहे. ज्याच्याकडं परवाना नाही असा सावकार असेल तर सहकार खात्याच्या निबंधकाकडं, २०१४ च्या सावकारी कायद्याखाली.

त्याच २०२२ च्या नियमांत आणखी एक ओळ आहे, जी मला सगळ्यात कामाची वाटते. हप्ता किती दिवसांनी, हे कर्जदाराच्या गरजेप्रमाणं ठेवायची लवचीकता कंपनीनं द्यायची आहे. ही ओळ मी चिखलीच्या बाईला सांगितली. तिची दुधाची बिलं साधारण बारा, बावीस आणि दोन तारखेला हातात येतात, आणि दोन्ही हप्ते नऊला आणि दहाला. म्हणजे दर महिन्याला दोन-तीन दिवसांसाठी ती हातउसने घेत होती, बरं, शेकड्याला दोन रुपये देऊन.

तिनं पुढच्या मीटिंगला विचारलं. सर म्हणाले, ‘वहिनी, सिस्टीममध्ये सेंटरची तारीख एकच असते.’

‘मग सिस्टीमला सांगा,’ ती म्हणाली, ‘म्हस बारा तारखेला पैसे देती.’

सर हसले, टॅबवर काहीतरी लिहून घेतलं. एका कंपनीनं तीन महिन्यांनी तिची तारीख चौदा केली. दुसरीची अजून दहाच आहे.